बशीभर पाण्याचा हिशेब

मराठीत 'डबकं' हा शब्द सहसा चांगल्या अर्थानं येत नाही. डबक्यात डास होतात, विचारांचं डबकं होतं, आणि डबक्यातल्या बेडकाला जग ठाऊक नसतं. नगरपालिकेनं डबकी बुजवली की आपण तिला शाबासकी देतो. पण कोस्टा रिकातल्या एका डोंगरधारेवर झाडांच्या मुळांशी साचणारी, परातीएवढी, बोट-दोन बोटं खोल अशी डबकी होती आणि एका अख्ख्या जातीची पुढची पिढी त्या पाण्यावर टिकून असे. १९८७ साली ती वेळेआधी आटली. दोन वर्षांनी त्या जातीचा एक नर दिसला. त्यानंतर एकही नाही.

हा सोनेरी टोड. स्पॅनिशमध्ये 'सापो दोरादो', शास्त्रीय नाव इन्सिलिअस पेरिग्लेनेस. टोड म्हणजे भेक, बेडकांच्याच गणातला. एरवी खरखरीत अंगाचा आणि मातकट. हा मात्र गुळगुळीत आणि डोंगरात दुरूनही डोळ्यांत भरेल असा. नर चार ते पावणेपाच सेंटिमीटरचा, अंगभर एकच रंग, झळझळीत नारिंगी. मादी थोडी मोठी, पाच सेंटिमीटरच्या आसपास, काळपट हिरवी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला पिवळी किनार. नर-मादी शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. जे सॅव्हेज या सरीसृप-उभयचर तज्ज्ञांनी १९६४ मध्ये तो पाहिला आणि १९६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यात त्यांनी मोकळेपणानं लिहिलंय, की आधी विश्वासच बसला नाही, कुणीतरी बेडूक एनॅमल पेंटमध्ये बुडवून काढलेत की काय असं वाटलं. आपल्याकडे कुणाला दिसला असता तर शेंदूर फासलाय म्हणाला असता.

शास्त्राला तो १९६६ साली कळला, पण त्या डोंगरावरच्या मोंतेवेर्दे वस्तीतल्या शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. हे शेतकरी मुळात अमेरिकेतल्या अलाबामाचे, क्वेकर पंथाचे. युद्ध नको, सक्तीची लष्करभरती नको, म्हणून त्यांनी देश सोडला. कोस्टा रिकानं १९४८ मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. १९५१ मध्ये ही कुटुंबं तिथं पोचली, डोंगरावर जमीन घेतली, गाई पाळल्या, चीज करू लागली. एक शहाणपण त्यांनी पहिल्या दिवसापासून केलं. माथ्यावरचं सुमारे ५५० हेक्टर जंगल तोडायचं नाही असं ठरवलं, कारण ओढ्याचं पाणी तिथून येत होतं. १९७२ मध्ये त्याच धारेवर मोंतेवेर्देचं राखीव मेघवन उभं राहिलं, आणि ते राखण्यामागच्या कारणांत हा नारिंगी टोड ठळकपणे होता.

हे सगळं सांगायचं कारण, या टोडच्या नाशाची गोष्ट कुऱ्हाडीची नाही. जंगल तिथंच होतं, राखणदारही होते. तरीही तो गेला, आणि 'जंगल वाचवलं की त्यातलं सगळं वाचतं' या आपल्या लाडक्या समजुतीला तिथं पहिला मोठा तडा गेला.

त्याचं राहण्याचं क्षेत्र आधी लक्षात घ्यायला हवं. समुद्रसपाटीपासून १५०० ते १६२० मीटर, म्हणजे उंचीची जेमतेम १२० मीटरची पट्टी. सगळं क्षेत्र मिळून काही चौरस किलोमीटर, सैल हातानं मोजलं तरी दहाच्या आत. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे तिलारान डोंगररांगेवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर ढग बसतो. वाऱ्याच्या माऱ्यानं तिथली झाडं खुजी आणि वाकडी राहतात, शेवाळानं लडबडतात. कोरड्या महिन्यांत पाऊस थांबतो, ढग मात्र थांबत नाही. पानांवर धुकं जमून खाली ठिबकत राहतं. धुक्याच्या दिवसांत आंबोलीच्या जंगलात जे उभे राहिलेत त्यांना हे सांगायला नको. झाडाखाली भिजायला होतं, बाहेर रस्ता नुसता ओलसर.

वर्षातले पन्नासेक आठवडे हा टोड दिसतच नसे. कुठं असतो, काय खातो, किती वर्षं जगतो, हे नीट कुणी नोंदवलेलं नाही. मुळांखालच्या पोकळ्यांत, बिळांत असावा असा अंदाज. एप्रिल-मे-जूनच्या सुमारास कोरडा हंगाम सरताना पहिल्या जोरदार सरी झाल्या, की नर बाहेर पडत आणि डबक्यांभोवती गोळा होत. माद्या कमी, नर फार. एका मादीला चार-सहा नर मिठी मारून बसत आणि सगळ्यांचा मिळून एक चेंडू पाण्यात लोळत राही. मादी २०० ते ४०० अंडी घाले. हा आकडा टोडच्या मानानं अगदी कमी. मोठे टोड हजारांनी घालतात. पण अंडं मोठं, सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचं. काही दिवसांत सगळे परत गडप. अंड्यांतून निघालेले बेडूकमासे पाच आठवड्यांत पाय फुटून बाहेर पडत.

म्हणजे गणित असं. उघड्यावर काही दिवस, आणि त्यानंतर त्याच बोटभर खोल खड्ड्यात पाच आठवडे, साधारण ३५ दिवस, पाणी टिकलं पाहिजे. कमी झालं तर बेडूकमासे वाळतात. फार झालं, मुसळधार सरीनं खड्डा उसळून वाहिला, तर ते उतारावरून वाहून जातात. जंगलाच्या नकाशात हे कुठंच दिसत नाही. नकाशावर सगळं हिरवंगारच असतं.

१९८७ च्या वसंतात मार्था क्रम्प ही बेडकांची अभ्यासक ब्रियांते नावाच्या धारेवर होती. त्या हंगामात पंधराशेच्या वर टोड मोजले गेले. स्वयंपाकघरातल्या सिंकएवढ्या एका खड्ड्यात १३३. पाच दिवसांनी ती परत गेली तेव्हा खड्डे आटले होते आणि तळाशी सुकलेली, बुरशी चढलेली अंडी होती. मे महिन्यात पुन्हा सरी आल्या, टोड पुन्हा बाहेर आले, पुन्हा अंडी, पुन्हा तेच. पाहणीतल्या दहा डबक्यांत मिळून ४३,५०० अंडी. त्यातून आठवड्याच्या पुढं जगलेले बेडूकमासे २९.

हे दोन आकडे एका ओळीत लिहिले जातात तेव्हा वाचणारा थबकतो, पण खरं सांगायचं तर एका वर्षाचा असा फटका अशा जातीला नवा नसावा. पावसाच्या भरवशावर प्रजनन करणारे प्राणी असं जगतच असतात. तीन वर्षं बुडीत, चौथ्या वर्षी भरभरून. कोरडवाहू शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोठे टोड जिवंत असले तर पुढच्या वर्षी पुन्हा डाव मांडता येतो. म्हणून १९८७ ची सुकलेली अंडी हे अर्धंच कोडं. उरलेलं कोडं हे, की ते पंधराशे मोठे टोड गेले कुठं?

कारण १९८८ मध्ये सगळी धार पालथी घालून दहाच दिसले. क्रम्पच्या मूळ डबक्यांपाशी त्यातला फक्त एक; बाकीचे काही किलोमीटर दूर. १५ मे १९८९ ला एकच नर, त्याच जुन्या जागी. १९९० मध्ये शून्य. १९९२ मध्ये क्रम्प आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: जमिनीखाली आहे की नामशेष झालाय? प्रश्न वाजवी होता. वर्षभर लपून राहणारा प्राणी दिसला नाही, यावरून तो नाही असं म्हणायचं कसं? कोरडी वर्षं तो जमिनीत काढत असेल, असं म्हणायला जागा होती. म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, म्हणजे आययूसीएननं, त्याला 'नामशेष' या रकान्यात टाकलं ते २००४ मध्ये, शेवटच्या दर्शनानंतर पंधरा वर्षांनी.

शिवाय तो एकटा गेला नव्हता. मोंतेवेर्देच्या ३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात बेडकांच्या सुमारे ५० जाती होत्या. त्यातल्या २० त्याच सुमारास दिसेनाशा झाल्या. जवळच्या ओढ्यावरचे पिवळे-काळे हार्लेक्विन बेडूक तर ओढ्याकाठचे; त्यांना डबक्याशी देणंघेणं नाही, तरी तेही संपले. एकाच डोंगरावर, एकाच वेळी, वेगवेगळ्या सवयींच्या जाती. नुसता वाईट हंगाम एवढं करत नाही.

संशयित तेव्हापासून तीन आहेत: कोरडं वर्ष, वर सरकलेला ढग आणि बुरशी.

कोरडं वर्ष म्हणजे १९८६-८७ चा एल निनो. ढगाचं प्रकरण १९९९ मध्ये ॲलन पाउंड्स हे जीवशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात मांडलं: कोरड्या हंगामात धुकं नसलेल्या दिवसांची संख्या सत्तरच्या दशकापासून वाढत चालली होती, ढगाचा तळ वर सरकत होता. त्यामुळे सोनेरी टोड हा हवामानबदलाचा पहिला बळी म्हणून जगभर गाजला. २००१ मध्ये आणखी एक धागा निघाला. डोंगराच्या पूर्वेच्या सखल भागातलं जंगल तोडून कुरणं झाली होती. कुरणावरची हवा अधिक तापते आणि कमी ओलावा घेऊन वर येते, त्यामुळे ढग अधिक उंचीवर बनतो. म्हणजे राखीव जंगलाच्या हद्दीबाहेर, खाली, दुसऱ्याच कुणाच्या जमिनीवर झालेली तोड माथ्यावरचं धुकं हलवू शकते. मग २०१० मध्ये दोन संशोधकांनी तिथल्या झाडांच्या खोडातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, सुमारे शतकभराचा ओलावा वाचला. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच झाडांत वर्षवलयं स्पष्ट नसतात, म्हणून ही वाकडी वाट. त्यांना कोरडं होत जाण्याचा दीर्घकालीन कल दिसला नाही. एल निनोचं ते वर्ष मात्र विलक्षण कोरडं निघालं.

आता बुरशी. तिचं नाव बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, लोक कायट्रिड म्हणतात. तिचे बीजाणू शेपटीनं पाण्यात पोहतात, बेडकाच्या कातडीला चिकटतात आणि तिच्यातल्या केराटिनवर, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनावर, वाढतात; चार-पाच दिवसांत नवी बीजाणूंची पिशवी फुटते आणि चक्र पुन्हा सुरू. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार घेतो. कातडी जाड झाली, की सोडियम-पोटॅशियमची ये-जा बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. बेडूकमाशांत केराटिन फक्त तोंडाशी असतं, म्हणून ते रोग वाहतात पण सहसा मरत नाहीत. पाय फुटून कातडी पक्की झाली की मग मरतात. या बुरशीला १७ ते २५ अंश तापमान मानवतं, तिशीच्या आसपास ती खचते. त्यामुळे उष्ण कटिबंधातही तिचे घाव उंच, थंड, ओल्या डोंगरांवर बसले. नेमक्या त्याच जागा आपण 'सुरक्षित' समजत होतो.

पण १९८७ मध्ये या बुरशीचं नावही नव्हतं. ती ओळखली गेली १९९८ मध्ये, शास्त्रीय नाव मिळालं १९९९ मध्ये. २०११ मध्ये संग्रहालयांतल्या बाटल्यांमधले जुने बेडूक तपासून संशोधकांनी दाखवलं, की ती मेक्सिकोकडून दक्षिणेला सरकत आली आणि मोंतेवेर्देत ऐंशीच्या दशकात, ऱ्हासाच्याच सुमारास पोचली. सोनेरी टोडचे जपलेले नमुने तपासले तेव्हा मात्र त्यांत बुरशी सापडली नाही. यावरून तो रोगानं मेला नाही असं म्हणता येत नाही. ऱ्हासाच्या दोन वर्षांतला एकही मेलेला टोड कुणाच्या हाती लागलेला नाही. प्रेतच नाही, तर शवविच्छेदन कसलं?

माझा कौल दुष्काळ आणि रोग यांच्या बेरजेकडे झुकतो. डबकी आटली की उरलेल्या दोन-चार ओल्या जागी सगळे दाटीवाटीनं जमतात. आणि ज्या रोगाचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्याला याहून सोयीचं काय? १९८७ ला पिढी गेली आणि त्याच गर्दीत आईबापही संसर्ग घेऊन परत जमिनीखाली गेले, असं धरलं तर १९८८ चे दहा आणि १९८९ चा एक यांचा मेळ लागतो. सिद्ध मात्र होत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये जगाचा जो हिशेब छापला गेला त्यात या बुरशीमुळे घटलेल्या किमान ५०१ जाती आहेत, त्यांतल्या ९० संपल्याच असं धरलंय.

आज बेडूक तपासायचा तर काम सोपं आहे, शिस्त मात्र कडक. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. तोच वापरला तर आपणच एकाचा रोग दुसऱ्याला लावतो. कापसाचा बारीक निर्जंतुक बोळा घ्यायचा आणि पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, दोन्ही मांड्यांच्या आतून पाच-पाच, मागच्या दोन्ही पायांच्या पडद्यांवर पाच-पाच, असे तीस हात फिरवायचे. बोळा फिरवता फिरवता उलटायचा, घासून कातडी दुखवायची नाही. मग तो झाकणाच्या नळीत, नळीवर पेन्सिलीनं क्रमांक. शाई अल्कोहोलनं पुसली जाते आणि महिन्याभराचं काम निनावी होतं. पुढचं पीसीआर यंत्र करतं. बुटांची गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि तीच हमखास चुकते: लोक चिखलासकट बूट ब्लीचमध्ये बुडवतात. चिखल असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचत नाही. आधी ब्रशनं तळ खरवडून चिखल काढायचा, मग जंतुनाशक, मग बूट कडकडीत वाळवायचे. वाळणं या बुरशीला सोसत नाही. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत ही तक्रार खरी. म्हणून दोन ओढ्यांसाठी दोन जोड.

हे सगळं सह्याद्रीशी कुठं जुळतं? २००९ मध्ये सिंधुदुर्गातल्या आंबोलीहून टोडची एक नवी जात आणि तिच्यासाठी एक नवी प्रजातीच जाहीर झाली: झँथोफ्रायनी टायगरिना. झँथॉस म्हणजे पिवळा. कुशीवर वाघासारखे तुटक पिवळे पट्टे. तिचा एकुलता भाऊबंद कोयना टोड, त्याचं वर्णन १९६३ चं. आंबोलीचा टोड अतिसंकटग्रस्त गणला जातो. तो जांभ्याच्या सड्यावर राहतो आणि पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो, तीही इतर टोडसारखी लांब माळेत नव्हे, लहानशा पुंजक्यात आणि मोजकीच. क्षेत्र चिमूटभर, पाणी बशीभर, हंगाम चार दिवसांचा. मोंतेवेर्देचं वर्णन शेजारी ठेवून वाचावं इतकं सारखं. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांत कायट्रिडही आढळलीय, २०१३ मध्ये छापून आलंय. पण तो प्रकार आशियातलाच जुना आणि इथं तिकडच्यासारखी मरतूक दिसलेली नाही. ही बुरशी मुळात पूर्व आशियातली असावी असं जनुकांवरून दिसतं, तेव्हा आपले बेडूक तिच्याशी जुने परिचित असतील.

आंबोलीत चाकं जास्त मारतात. पहिल्या पावसाची रात्र ही टोडच्या लग्नाची आणि धबधब्याला निघालेल्या गाड्यांची एकच असते. रस्त्यावरची मोजणी सकाळी करणारे फसतात, कारण रात्रीतून खेकडे, उंदीर आणि पाऊस मेलेले उचलून नेतात. सकाळी तीन दिसले म्हणजे तीनच मेले असं नाही. मोजायचं तर ठरावीक एक किलोमीटर, अंधार पडल्यावर ठरावीक वेळी, चालत, हेडलॅम्पच्या उजेडात. जिवंत वेगळे, मेलेले वेगळे, आणि मेलेल्याचा फोटो झाला की तो कडेला टाकायचा, नाहीतर परतताना तोच पुन्हा मोजला जातो.

खळग्यांची वही तर कुणालाही ठेवता येते, बेडकाला हातही लावावा लागत नाही. वीसेक खळगे निवडायचे, कातळावर रंग न लावता फोनमधल्या जीपीएसवर खुणा करायच्या. लांबी, रुंदी, आणि सर्वांत खोल जागी पोलादी पट्टी उभी धरून मिलिमीटरमध्ये खोली. दिवसाआड, एकाच वेळी. दुपारी आणि पहाटे घेतलेली मापं एकमेकांशी ताडता येत नाहीत. रकाने चार: पाणी साचलं ती तारीख, अंडी दिसली ती तारीख, मागचे पाय फुटले ती तारीख, खळगा कोरडा पडला ती तारीख. जूनमध्ये पावसानं दहा दिवस दडी मारली की चौथ्या रकान्यातली तारीख तिसऱ्याच्या आधीची येते. तिसऱ्यात मग फुली मारायची. ब्रियांतेच्या त्या दहा डबक्यांची अशी वही आपल्या हातात आहे ती फक्त एका वर्षाची.